आतोबांचे पडलेले राजे

आमच्या आतोबांचा पाय ज्या बंदराला लागला त्या देशाचा राजा गादीवर टिकला नाही, असं आमच्या वाडीचं मत होतं, आणि वाडीचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. वाडी खरी त्यांची, पण खाडीपलीकडून आम्हीही तिला आमचीच म्हणायचो. मिसरूड फुटलं तेव्हा गोऱ्यांच्या बोटीवर कोळसा ओढायला गेले आणि चढत चढत खलाशांचे सारंग, म्हणजे मुकादम, होऊन परत आले. त्यांची बोट लिस्बनला लागली आणि पोर्तुगालच्या राजाने गाशा गुंडाळला. पुढे शांघायला लागली आणि चीनचा बादशहा, बिचारं पोर होतं ते, पाळण्यातून उतरावं तसं गादीवरून उतरलं. मोठी लढाई संपल्यावर ती तुर्कांच्या राजधानीत लागली, तर तिथल्या सुलतानाने मागच्या दाराने परदेशी बोट पकडली. एकदा झालं तर योग म्हणावा, दोनदा झालं तर नशीब म्हणावं, पण तीनदा झाल्यावर वाडी काय गप्प बसते? एखाद्या सुनेच्या पायगुणाने म्हैस आटते, तसा आमच्या आतोबांच्या पायगुणाने राजा आटतो, असं ठरून गेलं.

ही कीर्ती खाडी ओलांडून रत्नागिरीत पोचायला वेळ लागला नाही. मी तेव्हा तिथल्या कचेरीत कारकून होतो. एका उन्हाळ्यात देशावरचा कोणीतरी संस्थानिक समुद्राची हवा खायला आला. त्याच्या कारभाऱ्याला कोणा टवाळाने आतोबांची गोष्ट सांगितली. कारभारी हसला म्हणतात, पण दुसऱ्याच दिवशी आमच्या वाडीत हापूसची एक करंडी उतरली आणि तिच्यासोबत निरोप, की महाराजांचा मुक्काम आहे तोवर सारंगांनी खाडीच्या तरीत बसून अलीकडे येण्याची तसदी घेऊ नये. आतोबांनी तसदी घेतली नाही. त्यांनी सगळे आंबे खाल्ले, बाठे परसात लावले, आणि मला म्हणाले, "हा टिकणार बघ. जो घाबरतो तो टिकतो. मी बघितलेल्या तिघांना कुणाची भीती नव्हती, म्हणून तर पडले."

आंबे त्यांनी लिस्बनच्या राजावर कापले. म्हणजे असं, की राजा पडला की त्याची तसबीर असलेली भांडीकुंडी रस्त्यावर मातीमोलाने विकतात, आणि आतोबा ती घेऊन यायचे. पोर्तुगालचा राजा आणि त्याची आई एका बशीवर होते. त्यांच्या तोंडावर आमची आत्या सुक्या बांगड्याची चटणी वाढायची. चीनच्या पिवळ्या ड्रॅगनच्या वाडग्यात पेज असायची. सुलतानाच्या सहीचा पितळी पेला आतोबा तोंड धुवायला वापरत. आणि सर्वांच्या वर, फळीवर, एक पत्र्याचा डबा होता. त्याच्यावर आमचे दाढीवाले विलायती बादशहा होते. तो डबा रिकामा असायचा. आत्याने एकदा त्यात मीठ भरलं, तर आतोबांनी ते काढायला लावलं. "त्याचा नंबर अजून लागायचाय," म्हणाले. आत्या म्हणाली, "तुमच्या राजाचा नंबर लागेपर्यंत माझ्या मिठाचं पाणी होईल." पण डबा पुसून पुन्हा वर गेला.

राजा का पडतो, ह्याबद्दल आतोबांचं स्वतःचं शास्त्र होतं आणि ते कोणाच्या बापाला जुमानत नव्हतं. मी त्यांना छापील पुस्तकातली कारणं सांगायचो, जमीन, कर, भूक, जुलूम. ते विडीचा झुरका घेऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "भूक रोजचीच आहे रे. भुकेने राजा पडता तर एक टिकला नसता. राजा पडतो तो हसण्याने." लिस्बनच्या धक्क्यावर त्यांनी ते पाहिलं होतं. राजाची माणसं गाडीतून चाललेली. वर्षानुवर्षं गाडी दिसली की हमाल टोपी काढायचे. त्या दिवशी पुढच्याने काढली नाही. का नाही काढली ते त्यालाही ठाऊक नव्हतं, हातात पोतं असेल. ते बघून मागचा हसला. मग सगळा धक्का हसला. "त्याच वेळी मी समजलो," आतोबा म्हणत, "की ह्यांचं आटोपलं. तोफा नंतर वाजल्या. त्या काय, लग्न लागल्यावरचे ताशे."

शांघायची गोष्ट मात्र ते आत्यासमोर सांगायचे नाहीत, कारण ती आत्याच सांगायची. चीनमध्ये बादशहा उतरल्याबरोबर नवे शिपाई कात्र्या घेऊन रस्त्यात उभे राहिले आणि दिसेल त्याची लांब वेणी कापू लागले, कारण वेणी ही म्हणे जुन्या राजाची खूण. आतोबांना हे कळल्यावर त्यांनी आपली शेंडी धरली आणि बोटीच्या कोळशाच्या कोठारात जाऊन बसले. बोट सुटेपर्यंत डोक्याचं फडकं सोडलं नाही. आत्या म्हणायची, "तिकडे बादशाही गेली, पण ह्यांनी शेंडी राखली. दोन्ही सारख्याच कामाच्या."

आणि राजा पडल्यावर पुढे काय होतं, ह्या प्रश्नावर आतोबांचं उत्तर त्याहून लहान होतं. ते म्हणत, "दुसऱ्या दिवशी धक्क्यावर जाऊन बघावं. पोतं उचलणारा तोच असतो. मोजणारा नवा." हे बोलताना मात्र ते हसत नसत.

आता कडू भाग सांगतो. सांगायचा नव्हता, पण तो टाकून आतोबा सांगितले तर नुसता विदूषक उभा राहील, आणि ते मला सहन होणार नाही.

आमच्या वाडीला आमचा स्वतःचा राजा होता. त्याला पाटील म्हणत. पिढीजात मान. नारळी पौर्णिमेला समुद्राला पहिला नारळ त्याचा, त्याच्याआधी कोणाची होडी पाण्यात जाणार नाही. प्रत्येक होडीच्या पहिल्या जाळ्यातला मोठा मासा त्याच्या घरी. आणि ह्या सगळ्याच्या मागे एकच शस्त्र, वाळीत टाकणं. पाटलाने एखादं घर वाळीत टाकलं की त्या घराला विहीर बंद, विस्तव बंद, न्हावी बंद. लग्नाला कोणी येणार नाही आणि मेल्यावर खांद्याला कोणी येणार नाही. पोलिसाची काठी अंगावर बसते आणि बरी होते. हे बरं होत नाही.

आतोबा लिस्बनला असताना पाटलाने वाडीतल्या एका विधवेला वाळीत टाकलं. का, ते आता विचारू नका. विधवेला वाळीत टाकायला कारण लागतं होय? ती तान्ह्या पोराला घेऊन विहिरीपाशी उभी राहायची आणि बायका घागरी भरून तिच्यासमोरून जायच्या. आत्याने तिच्या घागरीत पाणी ओतलं. संध्याकाळी आत्याचं घर वाळीत पडलं. त्याच महिन्यात आत्याच्या दीड वर्षाच्या मुलीला ताप भरला. शेजारी वैदूचं घर होतं, तो दार लावून बसला. मुलगी गेली. उचलायला कोणी आलं नाही, खणायला फावडं कोणी दिलं नाही. आत्याने तिला पदरात घेतलं, एकटी समुद्राच्या पुळणीवर चालत गेली, आणि करवंटीने वाळू खणून तिला ठेवून आली. खाडीपलीकडून माझे वडील धावत आले तोवर ती घरी येऊन चुलीपुढे बसली होती.

मग आतोबा आले. हातात राजाची बशी, तोंडात राजा कसा पडला त्याची गोष्ट. ती गोष्ट त्या दिवशी त्यांनी सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी दंडाचे नारळ घेऊन ते पाटलाच्या ओट्याशी गेले आणि सगळ्या वाडीदेखत त्याच्या पाया पडले. त्याशिवाय घराला पाणी मिळत नव्हतं. एका राजाला रस्त्यावर आलेला पाहून आलेला माणूस दुसऱ्याच्या पायाशी वाकला. वाडी म्हणाली, सारंग शहाणा आहे. आत्या घागर घेऊन विहिरीवर गेली. त्या मुलीचं नाव त्यानंतर मी त्या घरात ऐकलं नाही, आणि मी ते इथे लिहिणार नाही.

समुद्रावरची नोकरी संपल्यावर आतोबा पुळणीवरच्या उंडीच्या झाडाखाली जाळी विणत बसू लागले. वाडीतले तरुण त्यांच्याभोवती जमत. त्यात एक दत्ताराम होता, मुंबईच्या गिरणीत चार वर्षं काढून आलेला, डोक्यावर टोपी आणि टोपीत वारा. आतोबा त्यांना लिस्बन सांगत, शांघाय सांगत. मला वाटायचं म्हातारा वेळ घालवतोय. एकदा मी आत्याला तसं म्हणालोही. ती मासे निवडत होती. वर न बघता म्हणाली, "ते जाळं विणतायत, बाबा. तुला दिसत नाय."

मिठाचं वर्ष आलं. देशभर लोक मीठ उचलत होते आणि तुरुंगात जात होते. आमच्या कचेरीतले साहेबसुद्धा जेवताना मीठ मागायला लाजत होते. त्या वर्षीची नारळी पौर्णिमा मी पाहिली आहे. पाटील मानाचा लाल बनातीचा कोट घालून पाण्यात गुडघाभर उभा राहिला. सोन्याचा कागद लावलेला नारळ हातात. मग त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं समजावून सांगायला नको. एकाने देवाला सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी मिळून "होय महाराजा" म्हणायचं. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही, देवसुद्धा ते ऐकत नाही म्हणतात.

"बा समुद्रदेवा," पाटील म्हणाला, "आज ही लेकरं तुझ्या दारात उभी आहेत."

कोणी काही बोललं नाही.

पाटलाने जरा थांबून घसा खाकरला. "वर्षाची रीत म्हणून हा नारळ तुला देतायत, तो मान्य करून घे." पुन्हा कोणी नाही. लाट आली आणि गेली. मी आतोबांकडे पाहिलं. इतक्या वर्षांची सवय, त्यांचे ओठ हलले होते, पण त्यांनी दातांनी धरले. पाटील वळला आणि माणसांकडे बघू लागला, आपला पोरगा हरवला म्हणून जत्रेत बघावं तसा. त्याच्या कोटाची मागची बाजू भिजून पायाला चिकटली होती. कोणीतरी हसलं. मग सगळी पुळण हसली. दत्ताराम पुढे झाला, त्याने पाटलाच्या हातातला नारळ घेतला आणि फेकला. आमच्या वाडीची राज्यक्रांती झाली. रक्त म्हणाल तर एका पोराच्या पायाला शिंपला लागला तेवढंच.

त्या संध्याकाळी आतोबा इतके खूश होते की त्यांनी चहात साखर दोनदा घातली. मला म्हणाले, "बघितलंस? हसण्याने." आत्याने माझ्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "कोट कुणाकडे गेला?"

तो प्रश्न आम्ही कोणी विचारला नव्हता. कोट दत्तारामाकडे गेला होता. तात्पुरता. वाडीचं मंडळ स्थापन झालं, दत्ताराम अध्यक्ष झाला, आणि नवा कोट शिवेपर्यंत समारंभाला काहीतरी हवं, म्हणून तोच उसवून दंडात सैल केला. मानाचा मासा बंद झाला आणि त्याच्या जागी वर्गणीचा मासा सुरू झाला. मासा तोच, जरा मोठाच. आणि मंडळाचा पहिला ठराव असा, की मंडळाच्या नारळाआधी कोणी समुद्राला नारळ द्यायचा नाही. पुढच्या वर्षीच्या पौर्णिमेला पाटील पहाटे एकटाच उठला, एकटाच पाण्यात गेला, आणि स्वतःच स्वतःला होय महाराजा म्हणून नारळ देऊन आला. खोड जित्याची, मेल्याशिवाय कशी जाईल? मंडळाने त्याला वाळीत टाकलं.

आतोबा दत्तारामाकडे भांडायला गेले. म्हणाले, हे हत्यार आपण मोडायला निघालो होतो. दत्ताराम म्हणाला, "सारंगकाका, हत्यार वाईट नव्हतं, हात वाईट होता." हे वाक्य त्याने मुंबईहून आणलं असणार. आतोबा घरी आले आणि त्यानंतर उंडीच्या झाडाखाली बसले नाहीत. लिस्बनची बशी त्यांनी स्वतः धुवून वर ठेवली. त्यांची गोष्टी सांगण्याची सवय गेली आणि माझ्यासारख्याला, ज्याला त्या गोष्टी ऐकून कंटाळा यायचा, खाडीपलीकडे जाणं नकोसं झालं.

दोन पावसाळ्यांनी, आषाढात, तरीवाला अब्दुल्ला कचेरीच्या पायरीशी आला. म्हणाला, सारंगांनी बोलावलंय, पाटील सकाळी गेले. मी त्याच्याच तरीतून गेलो. पाटलाची बायको आधीच वारली होती. एकुलती एक मुलगी केळशीला दिलेली, आणि पावसाळ्यात बोटी बंद, तिला निरोप पोचेपर्यंत आठवडा जाणार. वाडीतली दारं लावलेली होती. पाटलाच्या अंगणात आतोबा एकटे बांबू बांधत होते. सारंगाचा हात, गाठी पक्क्या.

दत्ताराम कुंपणाबाहेर उभा होता. त्याला खुशी नव्हती, हे मी सांगायला हवं. तो म्हणाला, "सारंगकाका, मंडळाचा ठराव आहे. खांदा दिलात तर तुमचंही पाणी बंद करावं लागेल. मला करावं लागेल."

आतोबांनी गाठ मारली. "राजा कसा पाडायचा ते मी तुला शिकवलं, दत्ताराम. पडल्यावर काय करायचं ते शिकवायचं राहिलं. चूक माझी. तू तुझं काम कर."

आतोबा, मी आणि अब्दुल्ला. अब्दुल्ला म्हणाला, मी परक्या वाडीचा, मला कोण वाळीत टाकणार? पण तीन खांद्यांवर तिरडी जात नाही. आम्ही एकदा उचलून पाहिली, पायाकडची बाजू खाली आली आणि पाटलाचा उजवा हात चादरीतून बाहेर पडला. आतोबांनी तो आत घेतला. मग आम्ही तिघं नुसते उभे राहिलो. समोरच्या घराच्या खिडकीची फळी जराशी उघडली आणि परत लागली.

तेव्हा आत्या आली. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला होता आणि पदर कमरेला बांधला होता. ती सरळ रिकाम्या बाजूला जाऊन वाकली.

आतोबा म्हणाले, "अगं, तू कशी..."

आत्या म्हणाली, "मी एकदा एकटी गेलेय ह्या वाटेनं. ते कसं असतं मला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाला जाऊ देणार नाय. ह्यालासुद्धा नाय."

बाईमाणूस स्मशानात जात नाही, खांदा तर देतच नाही. आतोबांनी तीन देशांत राजे पडताना पाहिले, पण त्या क्षणी त्यांचा चेहरा जसा झाला तसा तिथे कुठे झाला असेल असं मला वाटत नाही. त्यांनी आत्याच्या खांद्यावर आपल्या पंच्याची घडी ठेवली, बांबू रुतू नये म्हणून, आणि आम्ही उचललं. वाडीतून जाताना एकही दार उघडलं नाही. पण प्रत्येक दारामागे माणूस उभा होता, ते कळत होतं.

लाकूड विकत मिळणार नव्हतं. आतोबांनी पाटलाचीच जुनी होडी फोडली. वर्षानुवर्षं माशाचं तेल प्यालेल्या फळ्या, पावसाच्या उघडिपीत भराभर पेटल्या. अग्नी आतोबांनी दिला. मग ते समुद्राकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. त्यांना ते कधी घालायला मिळालं नव्हतं, तो मान पाटलाचा होता.

"बा समुद्रदेवा, हे तुझं लेकरू तुझ्याकडे येतंय."

मला होय महाराजा म्हणायचं होतं. पण माझी जीभ रेटेना. करवंटीची गोष्ट मला ठाऊक होती. अब्दुल्ला बाजूला मान खाली घालून उभा होता.

"ह्याच्या हातून काय चुकलंमाकलं असेल," आतोबा म्हणाले आणि थांबले. "ते पोटात घाल."

आतोबांना वळून बघायचा धीर नव्हता. मग मागून आत्याचा आवाज आला, रोजच्या आवाजात, भात झाला म्हणून सांगावं तसा.

"होय महाराजा."

आतोबा-आत्याचं पाणी बंद झालं. मंडळाने निरोप पाठवला, दंडाचे नारळ घेऊन या आणि मोकळे व्हा. ह्या वेळी आतोबा गेले नाहीत. अब्दुल्ला खाडीपलीकडून पाण्याची पिंपं आणायचा. पुढे दत्तारामही उतरला, दुसरा बसला, कोट पुन्हा दंडात आवळला गेला. ती बातमी मी आतोबांना सांगितली तेव्हा त्यांनी कारण विचारलं नाही. ते त्या वर्षी थकले होते. गेले तेव्हा खांद्याला मी होतो, अब्दुल्ला होता, आत्या होती, आणि चौथा दत्ताराम आला. तो येऊन सरळ रिकाम्या बाजूला वाकला.

आत्या अजून त्याच घरात राहते. मागच्या खेपेला मी निघालो तेव्हा तिने फळीवरचा डबा काढून माझ्या हातात दिला. दाढीवाल्या बादशहावर गंज चढला होता. म्हणाली, "त्यांचा जीव ह्यात होता. हा पडला की मला सांगायला ये. पण आधी बघून ये, त्याला उचलायला कोण आलंय."

डबा माझ्या खोलीत खिडकीशी ठेवला आहे. त्यात मी अजून काही भरलेलं नाही.